डाव्या भिंतीची खाट

भोंगा वाजला की धान्यवती वसाहतीत कुणी घाबरत नसे. घाबरायला सवडच मिळत नसे. तो चढता-उतरता आवाज कानात शिरला की माणसाचा हात आपोआप उघडे, हातातलं असेल ते खाली पडे, पाय दाराकडे वळत आणि माणूस चालू लागे. धावणं नाही, ओरडणं नाही, मागे वळून बघणं नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चाचणीचा भोंगा होई आणि अख्खी वसाहत अशी मुकाट मैदानावर येऊन रांगेत उभी राही. मग दुसरा, लांब सुराचा भोंगा वाजे आणि ज्याचं अंग त्याला परत मिळे. बायका घरी जाऊन सांडलेलं पीठ भरत. शहाण्या बायका त्या शनिवारी काचेचं भांडं हातातच घेत नसत.

याला सगळे ‘ठसा’ म्हणत. त्यामागचं शास्त्र तसं अवघड नाही. सायकल चालवणारा माणूस तोल कसा सांभाळायचा याचा विचार करत नाही. ते काम त्याचं अंगच करतं. मेंदूच्या मागच्या बाजूला अशा सवयी साठवण्याची जागा असते. एरवी तिथे एखादी सवय बसायला महिने लागतात. ठशात मात्र एका माणसाच्या अंगावर संवेदकांचा पोशाख चढवून त्याच्याकडून कवायत करून घेत आणि त्याच्या स्नायूंची प्रत्येक हालचाल टिपून ठेवत. त्या माणसाला ‘नमुना’ म्हणत. मग बाकीच्यांनी काही रात्री चुंबकीय टोपी घालून झोपायचं. झोपेत त्या हालचाली मेंदूत उमटत. पुढे वर्षभर, भोंगा झाला की अंग नमुन्याने केलं तेच करी. मन जागं असे, सगळं बघत असे, पण अंगावर त्याची सत्ता चालत नसे. वर्षाने ठसा पुसट होई, मग पुन्हा टोपी.

ठसा येण्याआधी काय चाले हेही सांगायला हवं, नाहीतर उगाच यंत्राला दोष दिल्यासारखं होईल. आपत्कालीन सराव म्हणजे आपल्याकडे एक समारंभ असे. तारीख आधीच ठाऊक, चहा आधीच उकळलेला, ज्याने बेशुद्ध पडायचं त्याचं नाव आधीच ठरलेलं. तो गडी स्ट्रेचरवर मिशीतल्या मिशीत हसत असे. आणि खरी वायुगळती झाली की कुणी दागिन्यांसाठी माघारी पळे, कुणी गाडीची किल्ली शोधत बसे. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली जुनी खोड. ठशाने ती मोडली, माणसं वाचली. म्हणूनच अमोनिया हाताळणाऱ्या प्रत्येक कारखान्याला ठशाचा दाखला सक्तीचा झाला. त्याशिवाय कारखान्याचं कुलूपच उघडायचं नाही.

ईश्वरी पिसाळ धान्यवती खत कारखान्यात अमोनियाच्या झडपांवर काम करी. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागली होती. घरी ती आणि तिची सासू छायाबाई, दोघीच. सासूला ती मामी म्हणे. मामींना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली होती. दारातून आत आलं की डाव्या भिंतीला त्यांची खाट. वसाहतीतली सगळी घरं एकाच साच्याची असल्याने ज्याच्या घरी अंथरुणावरचं माणूस, त्याच्या घरी खाट तिथेच. दुसरीकडे मावतच नसे.

मामींची वाचा शाबूत होती, आणि चांगलीच शाबूत होती. ईश्वरी त्यांना उचलून उन्हात न्यायची तेव्हा त्या म्हणत, “हळू गं, पोतं न्हाई मी.” आणि ईश्वरी म्हणे, “पोतं असतं तर गप तरी बसलं असतं.” दाराशी पोचल्यावर ऊन डोळ्यांवर येई म्हणून ती थांबे आणि त्यांचा पदर पुढे ओढून द्यायची. मग दोघी बाहेरच्या कट्ट्यावर बसत.

ठशाचे दोन भाग होते, एक कामाच्या जागेचा आणि एक घरचा. माणूस जिथे असेल त्याप्रमाणे तो तो भाग चालू होई. कामाच्या जागेचा भाग ईश्वरीला मान्य होता. एकदा तिच्याच विभागात नळी फुटली तेव्हा तिला कळायच्या आत तिच्या हातांनी झडप बंद केली होती. तो भाग बनवायला अभियंते कित्येक आठवडे राबले होते. कुठल्या उंचीचा माणूस, कुठल्या हाताचा, चष्म्याचा की बिनचष्म्याचा, सगळं तपासलं होतं. झडपेची किंमत त्यांना माहीत होती.

घरचा भाग एका सकाळी उरकला.

त्या सकाळी मैदानात मांडव होता. जिल्ह्यातल्या वसाहतींची स्पर्धा होती आणि ज्या वसाहतीचा सराव सगळ्यांत चपळ, तिला ‘आदर्श वसाहत’ म्हणून चांदीची ढाल मिळणार होती. नमुना म्हणून सुरक्षा विभागातला एक चपळ जवान निवडला होता. आदल्या दिवशी कारखान्याचे महाव्यवस्थापक सरदेशमुखसाहेब वसाहतीतून फिरले आणि त्यांना खाटा दिसल्या. “पाहुणे येणार. ही म्हातारी मंडळी उगाच मध्ये. त्यांनाही त्रास,” असं ते म्हणाले. लगेच मिनीबस ठरली. अंथरुणावरच्या सगळ्यांना तालुक्याच्या मंगल कार्यालयात नेऊन ठेवलं, शिरा-पुरी खाऊ घातली. खाटा उभ्या करून मागच्या गल्लीत लावल्या.

यात कुणाला वावगं वाटलं नाही, ही खरी चीड आणणारी गोष्ट आहे. आपल्याकडे पाहुणे आले की आजारी माणसाला आतल्या खोलीत सरकवतात आणि दार लोटून घेतात. त्यात आजाऱ्याची सोय आहे असंच सगळे धरून चालतात. वसाहतीनेही तेच केलं. जवान रिकाम्या खोलीतून निघाला, हात मोकळे ठेवून, तोंड मिटून, तडक मैदानावर. टाळ्या पडल्या. ढाल मिळाली. आणि तोच रिकाम्या खोलीचा ठसा वसाहतीतल्या प्रत्येकाच्या डोक्यात गेला.

चाचणीच्या शनिवारी मामी खाटेवरून म्हणत, “चालली बघा भवानी, आमास्नी टाकून.” लांब भोंगा झाल्यावर ईश्वरी परत येऊन हसत असे. खरी गळती झाली तर काय, हा प्रश्न तिने सुरक्षा विभागात दोनदा विचारला. तिथे तिला सांगितलं की अंथरुणावरच्यांसाठी बचाव पथक आहे. पथक होतं. ते तालुक्याला होतं.

ती गळती एका बुधवारी दुपारी झाली. ईश्वरीची रात्रपाळी होती, म्हणून ती घरी होती आणि मामींना मऊभात भरवत होती. भोंगा वाजला. ईश्वरीचा हात उघडला आणि वाटी मामींच्या अंगावर पडली.

“आज शनिवार न्हाई,” मामी म्हणाल्या.

ईश्वरी उठली होती. खिडकीतून तो डोळ्यांत खुपणारा, मुतारीसारखा वास आत येत होता. तिने सगळा जीव एकवटून खाली बघायचा प्रयत्न केला. मान हलली नाही. मामींनी डावा हात पुढे करून तिच्या साडीचा काठ धरला.

“ईश्वरी, अगं घे की मला.”

ठशात थांबणं नव्हतं. पाय पुढे पडले. मामींच्या बोटांतून काठ सुटला. बोलायला तोंड उघडेना, कारण जवानाने तोंड उघडलं नव्हतं. ती दाराशी पोचली तेव्हा हिला थांबता येणार नाही हे मामींना उमगलं असावं, कारण मागून त्यांचा आवाज आला आणि तो रागाचा नव्हता. “जा गं. जा तू. दार वढून घे.” दार ओढून घेणंही ठशात नव्हतं.

मैदानावर सगळी वसाहत रांगेत उभी राहिली. वारा मैदानाच्या बाजूने घरांकडे वाहत होता. ईश्वरीच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा बापही खाटेवर होता. त्या माणसाचे डोळे वाहत होते आणि हात बाजूला सरळ होते. लांब भोंगा वाजेपर्यंत कुणालाही हलता आलं नाही. तो वाजला तेव्हा सगळे पळाले, पण पळण्यात आता काही अर्थ नव्हता. वसाहतीतल्या अंथरुणावरच्यांपैकी चार माणसं गेली. त्यांत मामी होत्या.

आठवड्याभरात मैदानाच्या कमानीवर फलक लागला. त्यावर लिहिलं होतं की गळतीत एकाही कामगाराला इजा झाली नाही, ठसा शंभर टक्के यशस्वी. खाली सरदेशमुखसाहेबांचा हसरा फोटो. ज्याने तो फलक लिहिला त्याला खोटं बोलल्याचं पाप लागणार नाही. चौघांपैकी कुणीही कामगार नव्हतं.

दिवस घातल्यावर ईश्वरी ठसा केंद्रात गेली. तिथल्या प्रमुख डॉक्टर मुक्ता देवधर. ठशाचं बरंचसं शास्त्र त्यांच्या प्रयोगशाळेतलं. त्यांनी खुर्ची पुढे केली. ईश्वरी बसली नाही.

“हे माझ्या डोक्यातनं काढा,” ती म्हणाली.

“काढता येत नाही, ईश्वरीताई. पाटीवर लिहिलेलं पुसावं तसं ते नाही. एक तर वर्षभरात आपोआप पुसट होईल, नाहीतर त्यावर दुसरा ठसा चढवावा लागेल.”

“म्हणजे उद्या पुन्हा भोंगा झाला तर मी पुन्हा चालू लागणार.”

“हो.”

“तुम्ही पण चालता?”

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं. “मला ठसा नाही. अधिकाऱ्यांना देत नाहीत. आपत्तीत कुणीतरी निर्णय घ्यायला मोकळं हवं, असा नियम आहे.”

“त्या दिवशी काय निर्णय घेतला?”

“साहेब तेव्हा पुण्यात होते.”

“आणि तुम्ही?”

“मी इथेच होते. लांब भोंगा लवकर वाजवा म्हणून मी फोन करत होते. तो वाजवायचा अधिकार साहेबांचा. त्यांचा फोन लागत नव्हता.” डॉक्टरांचा आवाज खाली गेला. “ताई, मी नमुन्याच्या वेळी विचारलं होतं, घरात उचलायचं माणूस नसतं का? मला सांगितलं गेलं की नसतं. मी स्वतः येऊन बघायला हवं होतं.”

“चार पावलांवर होती घरं,” ईश्वरी म्हणाली. “झडपेसाठी तुम्ही लोक महिनाभर ठाण मांडून बसलात. झडपेची उंची मोजली. माझी मामी काय झडपेहून हलकी होती?”

एवढं बोलून ती दाराकडे वळली.

ठसा पुसट व्हायला आला आणि नव्या टोप्यांच्या रात्री आल्या तेव्हा वसाहतीतलं कुणीही केंद्रात गेलं नाही. ईश्वरीने घरोघर जाऊन एवढंच सांगितलं होतं की हा ठसा आपण घ्यायचा नाही. ठशाचा दाखला नाही तर कारखाना बंद. सरदेशमुखसाहेब मग घाईघाईने वसाहतीत आले. खुर्ची मांडली होती तिच्यावर बसले आणि म्हणाले, “झालं ते वाईटच झालं. आता बोला, काय पाहिजे? भरपाई वाढवून देतो.”

“ठसा पाहिजे,” ईश्वरी म्हणाली. “खाटेवरच्याला उचलून नेणारा. नमुना मी होणार. आणि तो ठसा सगळ्यांनी घ्यायचा. तुम्हीही.”

साहेब हसले. “मी कशाला? माझ्या घरी नोकरचाकर आहेत.”

“मग उद्यापासून नोकरचाकरच घेऊन कारखाना चालवा.”

कुणी हसलं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. बंद कारखान्याचा तास त्यांना फार महाग पडत होता. चार रात्री टोपी घालायची, त्यात काय एवढं, असा त्यांनी हिशेब केला असणार. ते हो म्हणाले. जाताना छायाचित्रकाराला बोलवायला मात्र विसरले नाहीत.

नमुन्याचा दिवस ठरला. या वेळी मांडव नव्हता. ईश्वरीच्या स्वतःच्या घरात, डाव्या भिंतीच्या खाटेपाशीच तो करायचा असं तिने सांगितलं. केंद्राने उचलण्यासाठी रबरी बाहुली आणली होती. ईश्वरीने ती परत पाठवली. मामींच्या वजनाएवढी वाळू त्यांच्याच गोधडीत बांधली, त्यावर मामींची साडी गुंडाळली आणि ते गाठोडं खाटेवर ठेवलं.

पोशाख चढवताना तिने विचारलं, “मॅडम, मनात काय चाललंय ते पण उतरतं का यात?”

“नाही. ठसा फक्त हालचालींचा. भावना त्यात येत नाहीत. त्या टिपणारं यंत्र अजून निघालेलं नाही.”

भोंगा झाला. तिच्या अंगात राहिलेला जुना ठसा एव्हाना पार पुसला गेला होता, त्यामुळे ती स्वतःच्या मनाने चालली. खाटेकडे वळली, वाकली, एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली घालून गाठोडं उचललं. दाराशी आली. बाहेर ऊन होतं. ती थांबली आणि उजवा हात अर्धवट सोडवून तिने साडीचा पदर पुढे ओढला, जिथे तोंड असायला हवं होतं तिथे. मग तिची छाती एकदा आतून उचकली. तेवढंच. ती मैदानाकडे चालत गेली.

केंद्रातल्या तंत्रज्ञाने पडद्यावरची रेघ डॉक्टरांना दाखवली. “इथे श्वासपटलात झटका आहे. दाराशी थांबणंही अनावश्यक आहे. दोन्ही कापून टाकू?”

हुंदका म्हणजे शेवटी श्वासाच्या स्नायूंची हालचालच, हे डॉक्टर मुक्ता देवधरांना त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “काही कापायचं नाही. आहे तसं जाऊ दे.”

नव्या ठशाच्या पहिल्या शनिवारी सरदेशमुखसाहेबांच्या बंगल्यावर पाहुणे होते. ढालीची समिती परत आली होती. गळतीनंतर एवढ्या लवकर सावरलेली वसाहत म्हणून यंदाही नाव चर्चेत होतं. दिवाणखान्यात पोह्यांच्या बशा फिरत होत्या. साहेबांच्या आईही तिथेच, उजवीकडच्या खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचे गुडघे निकामी होऊन काही महिने झाले होते. ही गोष्ट वसाहतीत कुणाला माहीत नव्हती, कारण बंगल्यात कोण कुठे बसतं हे विचारायला कधी कुणी गेलं नव्हतं.

भोंगा वाजला. साहेबांच्या हातून बशी पडली. ते उठले आणि डाव्या भिंतीकडे गेले. तिथे ढालींचं कपाट होतं. कपाटासमोर ते वाकले, एक हात हवेत मानेखाली, एक हात हवेत गुडघ्यांखाली, आणि जे नव्हतं ते त्यांनी जपून उचललं. त्यांचे खांदे वजनाने वाकले. पाहुणे बघत राहिले.

“राजू,” आई म्हणाल्या, “अरे, मी इकडे आहे.”

साहेब त्यांच्या खुर्चीला वळसा घालून दाराकडे गेले. दाराशी थांबले. उजवा हात अर्धवट सोडवून त्यांनी कुणाच्या तरी तोंडावर पदर ओढला. त्यांच्या छातीतून एक हुंदका बाहेर पडला आणि त्यांना त्याचं कारण माहीत नव्हतं. आईंनी पुन्हा हाक मारली. ते चालत राहिले.

मैदानावर वसाहत गोळा झाली होती. ज्यांच्या घरी खाटेवर माणूस होतं त्यांच्या हातांत ते माणूस होतं, आणि ते बघून ईश्वरीला पहिल्यांदाच बरं वाटलं. पण बाकीच्या सगळ्यांचे हात रिकामे आणि वाकलेले होते. तिचेही. पोशाख गेला होता, गाठोडं गेलं होतं, तरी वाळूचं ते वजन तिच्या दंडांना कळत होतं. बंगल्याकडून साहेब येताना तिला दिसले, तिच्यासारखेच हात करून, आणि तिला समाधान वाटायला हवं होतं. तिला संताप आला. जवानाचा ठसा वाईट होता म्हणून तिने स्वतःचा दिला होता, आणि तो घेऊनही एक माणूस आपल्या आईला मागे टाकून आला होता.

लांब भोंगा झाला. सरदेशमुखसाहेबांचे हात खाली आले. ते घामाने भिजले होते. रांग मोडून ते ईश्वरीकडे आले. डॉक्टर मुक्ताही जवळ येऊन उभ्या राहिल्या.

“मी काय उचलत होतो?” साहेबांनी विचारलं.

“आमच्या मामींना.”

“माझी आई तिथे होती. समोर. हाक मारत होती.” त्यांना नीट बोलता येत नव्हतं. मग ते डॉक्टरांकडे वळले, आणि आवाजात जुना अधिकार परत आला. “हे काढा. आजच. मला माझ्या घराचा वेगळा ठसा करून द्या.”

“पुसट व्हायला वर्ष लागेल, साहेब,” डॉक्टर म्हणाल्या. “वेगळा करता येईल. पण उद्या आईंनी खुर्ची हलवली, तर तुमचे हात पुन्हा रिकाम्या जागीच जातील.”

“मग करायचं काय?”

ईश्वरीने अजून हात खाली घेतले नव्हते. ते तिने सावकाश सोडले आणि पदराने तोंड पुसलं.

“आधी घरी जा,” ती म्हणाली, “आणि त्यांना सांगा, तुम्ही ऐकलं होतं म्हणून. मला माझ्या मामीला ते कधी सांगता आलं नाही.”

साहेब बंगल्याच्या दिशेने पळाले. ईश्वरी मात्र घरी गेली नाही. वसाहतीतल्या पहिल्या घराचं दार तिने वाजवलं आणि आत कोण कुठे झोपतं, भोंगा झाला तर त्याला कोण उचलणार, ते विचारू लागली. उत्तर देणाऱ्या बाईचे हात अजून वाकलेलेच होते.